कोंडतळीची आडवी बाटली

पाचव्या शीलापाशी आलं की बाबाजी गुरुजींचा आवाज एक पायरी खाली उतरायचा.

लग्न असो, नामकरण असो, कुणी गेल्यावरची पुण्यानुमोदनाची सभा असो, कोंडतळीच्या बौद्धवाडीत शील द्यायला गुरुजीच उभे राहायचे. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, हात जोडलेले, डोळे मिटलेले. पहिली चार शीलं पऱ्ह्याच्या पाण्यासारखी खळखळत यायची. पाचवं आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, की तोच आवाज हळू व्हायचा, जपून पाऊल टाकल्यासारखा. लोकांना वाटे, गुरुजींना या शीलाचं मोल जास्त, म्हणून ते इतक्या हळुवारपणे उचलतात. सगळी वाडी माना खाली घालून मागोमाग म्हणायची. एकटी सुंदराबाई मान वर करून नवऱ्याकडे बघत राहायची. त्या एका पायरीखाली काय आहे, हे वाडीत तिलाच ठाऊक होतं.

गुरुजींना जाऊन आता सात-आठ वर्षं झाली. आवाज गेला, फोटो राहिला. आणि या वर्षी तर तो फोटो विहाराच्या अंगणात बॅनरवर चढला. वर गुरुजींचा हसरा चेहरा, खाली मोठी अक्षरं: कालकथित बाबाजी गुरुजींच्या स्वप्नातली दारूमुक्त कोंडतळी. त्याखाली आडवी पडलेली एक बाटली.

बॅनर सुंदराबाईच्या सुनेनं करून आणला होता. सून आम्रपाली. दापोलीकडची, बारावी झालेली, अंगणवाडी चालवणारी. बोलायला ठाम. गालफडाच्या हाडावर एक काळानिळा डाग, जो एका जागचा गेला की दुसऱ्या जागी उमटायचा. तो डाग तिनं कधी पदरानं झाकला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "तिठ्यावरच्या दुकानाचा शिक्का आहे. दर पगाराला नवा मिळतो."

तिठ्यावर, हायवेला गावचा रस्ता मिळतो तिथं, देशी दारूचं दुकान. सरकारमान्य. हिरवा बोर्ड, लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक. महेंद्र, सुंदराबाईचा लेक आणि आम्रपालीचा नवरा, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळीच्या कारखान्यात कामाला. सुटीची वेळ झाली की गाडी त्याला तिठ्यावर सोडायची. तिठ्यापासून घर हाकेच्या अंतरावर, पण ते अंतर चालायला त्याला पार अंधार व्हायचा.

दुकान बंद करायचं तर बायकांनी करायचं. कायद्यानं त्यांना तसा एक दिवस दिलेला. आधी सह्या, मग साहेबासमोर उभं राहून 'ही सही माझीच' म्हणून सांगणं, मग मतदान. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू दे म्हणणारीनं उभीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणारीनं आडवीवर. पण नुसती आडवीवर जास्त मतं पडून भागत नाही. मतदारयादीत जितक्या बायका, त्यांच्या निम्म्याहून अधिक शिक्के आडवीवर हवेत. जी आलीच नाही तिचं मत आपोआप दुकानाच्या पदरात.

आम्रपालीनं सभेत हे समजावून सांगितलं तेव्हा वरच्या वाडीतली गोदूबाई म्हणाली, "म्हंजे नालासोपाऱ्यात ऱ्हाणारी माजी जाऊ उभ्या बाटलीच्या बाजूची?"

"हो. ती आली नाही तर तसंच."

"आणि माजी सासू? तिचा नाव अजून यादीत हाय."

"त्यांचंही मत दुकानालाच गेलं असं धरतात."

"बघा गो बायांनू!" गोदूबाईनं कपाळावर हात मारला. "मेलीय, तरी म्हातारी दुकान चालवतेय! जिती होती तवा चहाच्या पलीकडं काय शिवली नाय."

बायका हसल्या. बाजूनं जाणारा एक बाप्या थांबून म्हणाला, "काय वैनी, बाटली आडवी करताय, मग आम्ही निजायचा कुठं?"

"तुमी उभे कधी व्हता म्हणून निजायची काळजी?" गोदूबाईनं फणकारा टाकला. "बाटली उभी तवर नवरा आडवा. आता बाटली आडवी करतो, म्हंजे नवरा तरी उभा ऱ्हाईल!"

हे इतकं चाललं की दुसऱ्या दिवशी वाडीवाडीत पोरीसोरी तेच म्हणत फिरत होत्या. चार वाड्यांच्या बायका, ज्या विहिरीवर सुद्धा वेगवेगळ्या वेळी यायच्या, त्या आता एका घोंगडीवर बसू लागल्या. असं कोंडतळीत आधी कधी घडलं नव्हतं. सुंदराबाई हे बघत होती. सुनेचा अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानाच्या तळाला भीतीचा गाळ साचत होता.

सुंदराबाईच्या गळ्यात ओव्या होत्या. जातं घरातून गेलं, पण ओवी गेली नाही. भात लावताना, कुळीथ निवडताना ती जुळवत राहायची. आम्रपाली म्हणाली, "आई, मोर्चाला म्हणायला काहीतरी जुळवा ना." सुंदराबाईनं मान डोलावली आणि हातातलं सूप खाली न ठेवता म्हटलं:

तिठ्यावरलं दुकान, त्याला दोन गं दारं
आत जातो लेक माझा, भाइर येतं गं वारं

बायका जवळ सरकल्या. मग तिनं दुसरी म्हटली:

आडवी गं बाटली, तिला आडवी निजू दे
माझ्या सुनेच्या चुलीवर, भात सुखाचा शिजू दे

आम्रपालीनं डोळे पुसले. तिच्या पोरीनं, रसिकानं, मोबाइलमध्ये ते भरून घेतलं. "आजी, आता एक आजोबांवर," ती म्हणाली. "गुरुजींनी सांगितलं, आम्ही दारू शिवत नाही, असं काहीतरी."

सुंदराबाईनं तोंड उघडलं. 'गुरुजींचं गं नाव' एवढं आलं, आणि पुढं ओवी सरकेना. ओवीत खोटं बसत नाही. मापात बसतं, पण गळ्यात बसत नाही. तिनं खोकल्याचं निमित्त केलं आणि पाणी प्यायला उठून गेली.

गुरुजी प्यायचे.

ओरडत नसत, मारत नसत, झोकांड्या देत नसत. संगमेश्वरला, जिथं त्यांना कुणी गुरुजी म्हणून ओळखत नव्हतं, तिथून आणत आणि काढ्याच्या तांबूस बाटलीत ओतून कपाटात ठेवत. दिवेलागणीनंतर दार लोटून थोडीशी. मग भिंतीकडं तोंड करून निजत. शाळेत पोरांची कवायत घेताना, वाडीत भांडण सोडवताना, वरच्या वाडीशी पाणवठ्याच्या हक्कावरून बोलताना हाच माणूस ताठ. या माणसाच्या बापानं, धर्म घेतला त्या साली, वाडीतली माडीची मडकी गोळा करून खाडीत बुडवली होती. ते सगळ्या तालुक्यात सांगितलं जायचं. कुणी उणं बोललं तर वाडी तेच पुढं करायची: आमच्यात पीत नाहीत, आमच्या गुरुजींकडं बघा.

एकदाच ती बोलली होती. "सोडा. नायतर शील देणा सोडा."

त्यांनी कपाटाचं दार लावलं. मग म्हणाले, "सुंदरा, मोडतो ते माझं शील मोडतो. वाडीचं मोडू देऊ नकोस. माझ्यामागं कुणाला कळू देऊ नकोस."

तिनं शब्द दिला.

मग कोर्टाचा हुकूम आला आणि हायवेलगतची दारूची दुकानं बंद पडली. तिठ्यावरचं बंद, संगमेश्वरचंही बंद. वाडीनं पेढे वाटले, आणि गुरुजींनी स्वतःच्या हातानं वाटले. तो हात थरथरत होता. लोकांना वाटलं, आनंदानं. घरी आले की घामानं न्हायचे, रात्रभर अंथरुणात काहीतरी शोधायचे. मग एका संध्याकाळी संगमेश्वरच्या दुकानावरच्या ओळखीतला कोणी खाडीपल्याडच्या भट्टीची बाटली देऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराबाईनं पेज वाढली, तर गुरुजी समोरचं ताट चाचपत होते. ऊन असं लख्ख की परसातल्या चिऱ्यांवर डोळा ठरत नव्हता, आणि माणूस ताट चाचपतोय.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं होतं, "काही प्यायले होते का?" दारात वाडीतले लोक उभे. गुरुजी शुद्धीवर होते, त्यांना ऐकू येत होतं. सुंदराबाई म्हणाली, "छे हो, ते गुरुजी हायत. कावीळ असेल. आमच्या तिकडं साथ हाय." गुरुजींनी चाचपडत तिचा हात धरला आणि दाबला. आभार मानल्यासारखा. तो दाब तिच्या हातावर अजून होता.

कावीळ म्हणूनच गेले. सगळ्या पंचक्रोशीचे लोक आले. पंचरंगी झेंड्यात गेले.

तिठ्यावरचं दुकान काही महिन्यांनी पुन्हा उघडलं.

मतदान जवळ आलं तसं सुंदराबाईला राहवेना. एका दुपारी आम्रपाली चुलीपाशी तिसऱ्यांचे शिंपले धूत बसली होती, तेव्हा ती जवळ जाऊन टेकली.

"बाय, एक सांगू? दुकान मिटला म्हंजे पिणारा मिटला असा नाय हा."

"म्हणजे?"

"खाडीपल्याड भट्टी हाय. ती मिटली नाय अजून."

"तीही मोडू, आई. आधी हे तर होऊ दे."

"दुकानातल्या बाटलीवर निदान सरकारचा कागद चिकटवलेला असतो. भट्टीतल्यात काय घालतात कोण बघतोय? महेंद्राला रोजची सवय. एकाएकी तोडलीस तर तो कुठं जाईल..."

आम्रपालीचा हात थांबला. तिनं वर बघितलं. डाग त्या दिवशी डोळ्याखाली होता. "आई, तुम्ही दुकानाच्या बाजूनं बोलताय? बाबांची बायको असून?"

शब्द जिभेवर आला होता. अगदी दातांच्या आत येऊन उभा राहिला होता. पण बाहेर रसिका पोरींना घेऊन ओवी म्हणत होती, विहाराच्या अंगणात गुरुजी बॅनरवरून हसत होते, आणि समोर सुनेचा सुजलेला डोळा वाट बघत होता.

"नाय गो," सुंदराबाई म्हणाली. "म्हातारं माणूस, येतं कायबाय मनात. त्याला डॉक्टरला तरी दाखव."

"सुटेल आपोआप," आम्रपाली म्हणाली. "हाताशी नसलं की सुटतं."

मतदानाच्या सकाळी महेंद्र पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, पण प्यायलेला नव्हता. आईची नखं वाढलेली बघून त्यानं नेलकटर आणलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. हे काम तो लहानपणापासून करायचा. दारू पोटात नसली की त्याच्यासारखा मायाळू लेक नव्हता. हात मात्र कापत होता, म्हणून फार जपून कापत होता.

"आये, शिक्का कुठं मारणार?"

"गुपित असता ते."

"आडवीवर मार." तो नखांकडंच बघत होता. "मला बंद करता येत नाय. मी किती वेळा ठरवलं तुला माहीत नाय. तिठ्यावर उतरलो की पाय तिकडंच वळतात, आये, माझे नसल्यासारखे. तुम्ही बायांनीच बंद करा. त्या आमूच्या तोंडाकडं मला बघवत नाय."

सुंदराबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस घामानं ओले.

शाळेच्या वर्गात, पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती शिक्का हातात घेऊन उभी राहिली. बाहेर रांगेत गोदूबाई कुणाला तरी झापत होती. कागदावर दोन बाटल्या. उभीकडं बघितलं की सुनेचा गाल दिसायचा, आडवीकडं बघितलं की ताट चाचपणारा हात. बाहेरून बाई म्हणाली, "आजी, झालं का?" सुंदराबाईनं डोळे मिटले. लेकानं स्वतःच्या तोंडानं मागितलेलं दान होतं. तिनं आडवीवर शिक्का मारला, आणि मारल्यावर असं वाटलं, की आपण दार लावलं आणि लेक दाराच्या कुठल्या बाजूला राहिला ते बघितलंच नाही.

मुंबईहून बायका भरून गाडी आली होती. नालासोपाऱ्याची जाऊसुद्धा आली. दिवस मावळायच्या आत निकाल लागला: निम्म्याहून थोड्या जास्त, पण जास्त. बायकांनी शाळेच्या अंगणात फुगड्या घातल्या. गोदूबाई रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "सासूबाय, हरलात हो तुमी!" आम्रपालीला खांद्यावर घेतलं. पेपरात तिचा फोटो आला, मागं बॅनरवरच्या गुरुजींसकट. पुढं यथावकाश साहेब आले, दुकानाच्या कुलपावर लाखेचं सील लागलं.

महेंद्रनं खरंच घेतली नाही. पहिले दिवस वाईट गेले. घाम, उलट्या, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून भिंत झाडत बसायचा. सुंदराबाई म्हणाली, "दवाखान्यात नेऊया." आम्रपालीनं त्याला कवेत धरून ठेवलं, लिंबूपाणी पाजलं, म्हणाली, "निघतंय ते विष. निघू दे." मग हळूहळू तो जेवू लागला. कामावर जाऊ लागला. सुटी झाली की तडक घरी. एका रविवारी त्यानं रसिकाला मोटारसायकल शिकवली. आम्रपालीच्या गालावरचा डाग पिवळा पडला, मग दिसेनासा झाला. शेजारणी बघायला यायच्या, नवी नवरी बघावी तशा.

सुंदराबाईनंही धीर धरला. तिला वाटलं, माझंच मन काळं. या वेळेला वेगळं होतंय.

पण कधीकधी महेंद्र अंगणात उभा राहून खाडीच्या बाजूला बघत राहायचा. वारा खायला, म्हणायचा. आणि एकदोनदा त्याच्या सोबतच्या कामगारांनी त्याला उशिरा आणून सोडलं, ओव्हरटाइम होता म्हणून. तोंडाला लवंगेचा वास होता. सुंदराबाईनं वास ओळखला. गुरुजीही लवंग चघळायचे. कुणाशी बोलायचं होतं? सुनेशी, जिच्या अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा आनंदाचे दिवस आले होते? तिनं लेकाला एकटं गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "आये, शपथ. नाय." आणि तिनं ती शपथ खरी मानली, कारण तिला ती हवी होती.

जिल्ह्याच्या ठिकाणी आम्रपालीचा सत्कार ठरला. निवडक गावांतल्या बायांना बोलावलं होतं. सकाळी ती निळी जरीकाठी नेसली, रसिकानं तिच्या वेणीत अबोली माळली. महेंद्र उठला नव्हता. रात्रीपासून पोटात कळ येतेय म्हणाला होता. उठला तो भिंत धरून, आणि ओसरीवर येऊन ओकला. श्वास भराभर घेत होता, पळत आल्यासारखा.

"काल तिसऱ्या जास्त खाल्लात," आम्रपाली म्हणाली. "सोडा घेऊन पडा. मी दुपारपर्यंत येते."

महेंद्र तिच्याकडं तोंड करून उभा होता, पण बघत होता तिच्या खांद्याच्या पलीकडं कुठंतरी. "आमू, तू पांढरी साडी का नेसलीस?" तो म्हणाला.

सगळ्या घरात निळा रंग झळाळत होता.

सुंदराबाईच्या हातातलं भांडं गळून पडलं. "रिक्षा बोलव," ती रसिकाला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात सकाळची गर्दी. तरुण डॉक्टरीण होती, झोप न झालेल्या डोळ्यांची. महेंद्रला खाटेवर घेतलं, तिनं नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, कपाळाला आठ्या पडल्या.

"काय खाल्लं होतं?"

"तिसऱ्या," आम्रपाली म्हणाली. "काल रात्री. पण आम्हीही खाल्ल्या, आम्हाला काही झालं नाही."

"दारू घेतात?"

जरीची साडी, वेणीत अबोली. खाटेपाशी जमलेल्या बायांतल्या एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं: पेपरातली हीच ना ती, दुकान बंद करणारी? आम्रपालीनं ते ऐकलं. सुंदराबाईनंही ऐकलं.

"घेत होते," आम्रपाली म्हणाली. "आता नाही. सोडलीय. आमच्या गावात मिळतच नाही, मॅडम. आम्ही मतदान करून बंद केलंय."

"नक्की? काल, परवा, कुठं बाहेर? हे महत्त्वाचं आहे."

"नाही." तिचा आवाज मोठा झाला. "यांच्या वडिलांनी आयुष्यभर पाचवं शील पाळलं, दुसऱ्यांना दिलं. आमच्या घरात आता दारू येत नाही."

"पेशंटना विचारते." डॉक्टरीण वाकली. "अहो, काय घेतलं होतं? ऐकू येतंय?" महेंद्रचे ओठ हलले. काय म्हणाला कळलं नाही. डोळे सताड उघडे होते आणि छताकडं लागले होते. डॉक्टरिणीनं सिस्टरला सलाइन लावायला सांगितलं, रक्त तपासायला घ्यायला सांगितलं. "रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर विषबाधा धरून चालू. काही आठवलं तर लगेच सांगा." तिला दुसऱ्या खाटेवरून हाक आली. तिकडं एक बाळंतीण आणली होती. ती वळली.

सुंदराबाई उशाशी उभी होती. महेंद्रचा हात हवेत काहीतरी शोधत होता. तिनं तो धरला. त्यानं तो हात दाबला नाही. फक्त घट्ट धरून ठेवला, लहानपणी पऱ्ह्या ओलांडताना धरायचा तसा, पलीकडं ने म्हणणाऱ्या पोरासारखा.

आम्रपाली खाटेच्या पायाशी उभी राहून आपल्या जरीच्या पदराची गाठ वळत होती. तिच्या चेहऱ्यावर सुंदराबाईला एक गोष्ट दिसली, जी तिनं आजवर आरशाखेरीज कुठंच बघितली नव्हती. सुनेला ठाऊक होतं. लवंगेचा वास तिलाही आला होता.

सुंदराबाईनं लेकाचा हात सोडवून रसिकाच्या हातात दिला. ती चालू लागली. "आई, कुठं चाललात?" आम्रपालीनं मागून विचारलं. "आई, थांबा." ती थांबली नाही. गर्दीतून वाट काढत ती डॉक्टरिणीपाशी पोचली आणि तिच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली. सिस्टर म्हणाली, "आजी, बाजूला व्हा, पेशंट बघतायत."

"भट्टीची प्यालाय तो," सुंदराबाई म्हणाली.

डॉक्टरीण वळली. "कोण?"

"माजा लेक. त्या खाटेवरचा. काल प्याला, परवापण प्याला असेल. खाडीपल्याडच्या भट्टीची. त्याला दिसत नाय बाय, सगळा पांढरा दिसतोय. मला ठाऊक हाय ते काय असता."

डॉक्टरीण त्या बाळंतिणीला सिस्टरकडं सोपवून धावलीच. जाता जाता कुणाला तरी मोठ्यानं औषधाचं नाव सांगितलं, कुणाला तरी वरच्या डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. माणसं पळाली. सुंदराबाई बाही धरूनच तिच्या मागोमाग आली, आणि खाटेपाशी पोचल्यावर तिचा आवाज आपोआप उंच झाला. तिथं आम्रपाली होती, रसिका होती, कोंडतळीहून सोबत आलेली गोदूबाई होती, आणि नाव-गाव ठाऊक नसलेल्या कितीतरी बायका होत्या.

"आई, नका," आम्रपाली म्हणाली. ती रडत होती. "बाबांचं नाव..."

"त्याच्या बापसाचाच सांगतंय, ऐक गो तूपण," सुंदराबाई म्हणाली. "गुरुजी दारू प्यायचे. रोज. भट्टीचीच पिऊन गेले ते, कावीळ नव्हती. डॉक्टरनं मला असाच विचारला होता, आणि मी सांगितला नाय."